विहिरीत उतरलेलं डिझेल: मळ्यातल्या नऊ घरांचं प्रकरण

तात्यांना माझ्याकडे आणलं ते झोपेच्या गोळीसाठी. श्रावणातला मंगळवार होता. कर्नाटकात 'मनोचैतन्य' योजनेखाली मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ येतात. बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या अशाच एका रुग्णालयात त्या दिवशी मी समुपदेशनाला बसते. तात्या बाकावर गप्प बसून होते. बोलत होत्या त्या वहिनी.

"तीन महिनं झालं ताई, ह्यांचा डोळा लागंना. रातचं उठत्यात, हिरीवर जात्यात, वास घेत्यात आन् परत येत्यात. येऊन बसत्यात नुसतं."

"कसला वास?" मी विचारलं.

तेव्हा तात्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "डिझेलचा. ह्यांना कुणाला येत न्हाई. मला येतोय."

पुढचं दीड वर्ष मी या माणसाबरोबर, त्यांच्या घराबरोबर आणि शेवटी त्यांच्या सगळ्या वस्तीबरोबर काम केलं. तेलगळतीने माणसांच्या मनावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास जगात झाला आहे तो बहुतेक समुद्रकाठी. आमचा भाग घाटमाथ्याच्या अलीकडचा, इथल्या कोळ्याच्या जाळ्याला तेल लागण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही त्या अभ्यासांत जे वाचलं ते इथे एका विहिरीभोवती जसंच्या तसं घडताना मी पाहिलं. नावं, वयं आणि गावाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तात्यांच्या घरच्यांनी हे वाचून घेतलं आहे आणि लिहायला होकार दिला आहे.

पार्श्वभूमी

पुणे-बंगळूर महामार्ग घाटातून उतरतो तिथे रस्त्याच्या खालच्या अंगाला मळे आहेत. त्यातल्या एका मळ्यात नऊ घरं, सगळी एका भावकीची किंवा त्यांच्या पाहुण्यांची. ऊस, सोयाबीन, थोडी तंबाखू, दारात दोन-दोन म्हशी. दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मधोमध विहीर आहे, तात्यांच्या वडिलांनी काळ्या दगडात खणलेली, पन्नास फूट खोल. उताऱ्यावर ती तात्यांची, पाणी मात्र नऊ घरांचं. पंचायतीच्या नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येतं, तेही धुण्याभांड्याला. प्यायला विहीरच. फक्त दोन घरांनी अलीकडे स्वतःची बोअर मारली होती.

या वस्तीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण नंतर ती वारंवार आठवते. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढलं आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. तेव्हा याच मळ्यातल्या बायकांनी अडकलेल्या ड्रायव्हर लोकांना भाकरी-आमटी नेऊन दिली. नदीकाठच्या पाहुण्यांची तीन कुटुंबं दोन आठवडे या घरांतून राहिली. पूर ओसरला तेव्हा माणसं आधीपेक्षा जवळ आली होती, असं सगळेच सांगतात.

घटना

काही वर्षांनी, मे महिन्याच्या शेवटी पहाटे साडेतीनला वळणावर डिझेलचा टँकर पलटी झाला. बारा हजार लिटरांतलं निम्म्याच्या आसपास सांडलं. आदल्या संध्याकाळी वळीव होऊन गेला होता. ओघळ वाहत होते, त्या पाण्याबरोबर डिझेल चरातून मळ्यात आलं आणि विहिरीच्या कडेने आत उतरलं.

ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला होता. वस्तीतल्या दोघांनी काच फोडून त्याला काढायला सुरुवात केली, कुणी 108 ला फोन लावला. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला आजूबाजूची माणसं कॅन, घागरी, बादल्या घेऊन धावली. ड्रायव्हर परमुलखातला होता. तिसऱ्या दिवशी तो रुग्णालयात वारला.

उजाडल्यावर तात्यांनी विहिरीत पाहिलं तर पाण्यावर सप्तरंगी साय. कुणीतरी म्हणालं, "झिरपायच्या आत उपसून टाका." तात्यांनी मोटर चालू केली आणि सहा तास चालू ठेवली. माणूस घाबरला की हाताला जे लागतं ते करतो, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण झालं ते असं: डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. मोटरीचा फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप, तळाशी. त्यामुळे आधी खालचं चांगलं पाणी गेलं, पातळी उतरली, वरचं डिझेल खाली येता येता दगडाच्या भेगांत शिरलं आणि भोवतालच्या जमिनीत मुरलेलंही आत ओढलं गेलं. शेवटी आलेलं तेलकट पाणी पाटाने थेट धाकट्या भावाच्या, अण्णांच्या, खोडव्यात गेलं. दीड एकर ऊस पिवळा पडला.

पंचायतीच्या माणसांनी पोती आणि पिंजर टाकून तवंग टिपला, गाळ काढला. टीसीएल पावडर टाकली. टीसीएलने जंतू मरतात, डिझेलवर तिचा काही परिणाम होत नाही, पाणी उकळूनही होत नाही. पण विहीर बिघडली की टीसीएल टाकायची, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. दहाव्या दिवशी तवंग दिसेनासा झाला. कागदावर विहीर साफ झाली.

अडचण

कागद बंद झाल्यावर खरी अडचण सुरू झाली.

तात्यांचं वजन तीन महिन्यांत सात किलो उतरलं होतं. टँकरचा हॉर्न ऐकला की छातीत धडधड, रात्री दोन-तीनदा विहिरीवर फेरी. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली आम्ही वापरतो, तिच्यात 27 पैकी 17 गुण आले. शेवटचा प्रश्न स्वतःला संपवण्याच्या विचारांचा असतो. तो मी नेहमी स्पष्ट शब्दांत विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. तात्या बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "हिरीत वाकून बगतो तवा वाटतंय कधी कधी. बापानं खांदली, माज्या हातनं नासली."

वहिनींना हे पहिल्यांदाच कळत होतं.

घरात सून चार महिन्यांची गरोदर. अपघातानंतर दोन दिवस त्या घरात तेच पाणी होतं. बाळाला काही झालं तर, ही भीती तिने कुणालाच सांगितली नव्हती. वहिनी एकच कळशी चिंचेने दहा-दहा वेळा घासत. अण्णांनी थोरल्या भावाशी बोलणं टाकलं. विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा यादीत तात्यांची विहीर लिहिली गेली, अण्णांचा ऊस राहिला. कारण तो टँकरने जळाला नव्हता, मोटरीने जळाला होता. मग उठली आवई: तात्यांना पाच लाख मिळाले. तात्यांच्या हातात तेव्हा एक रुपयाही आलेला नव्हता.

मला सगळ्यात चकवलं ते बोअरवाल्या दोन घरांनी. त्यांच्या पाण्याला डिझेल शिवलंही नव्हतं. पण गावात "डिझेलवाल्या मळ्याचं दूध" असं झालं आणि त्यांचे रतीबही तुटले. त्या घरातल्या एका बाईची झोप आणि भूक तात्यांइतकीच गेली होती. तिला कुणी विचारायला आलं नव्हतं, कारण तिचं 'काही नुकसान झालेलं नव्हतं'.

इथे मला समुद्रकाठचे अभ्यास उपयोगी पडले. 1989 च्या 24 मार्चला अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ हे जहाज खडकावर आदळून सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. वर्षभराने तिथल्या 13 गावांत पाहणी झाली. तेलाची झळ सर्वाधिक बसलेल्या लोकांत सततच्या चिंतेचा विकार झळ न बसलेल्यांच्या साडेतीन पटींहून अधिक आढळला आणि आघातोत्तर ताणाचा विकार जवळपास तिप्पट. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. त्यानंतर तेल किनाऱ्याला लागलेली वस्ती आणि तेल न पोचलेली वस्ती यांची तुलना केली, तेव्हा दोन्हीकडची चिंता-उदासी सारखीच निघाली. फरक पडत होता तो कुणाची कमाई बुडाली यावर. आमच्या बोअरवाल्या घरांचं उत्तर मला तिथे सापडलं.

आणखी एक गोष्ट तिथले समाजशास्त्रज्ञ सांगतात. पूर-वादळासारखी आपत्ती आली की माणसं एकमेकांना धरतात. माणसाच्या हातून झालेल्या प्रदूषणात मात्र दोष कुणाचा, भरपाई कुणाला, पाणी खरंच साफ झालं का, हे प्रश्न वर्षानुवर्षं मिटत नाहीत आणि गंज लोखंडाला खातो तसे ते शेजाराला खातात. एक्झॉनच्या दाव्यात ज्यूरीने 1994 मध्ये 5 अब्ज डॉलरचा दंड ठोठावला होता, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सुमारे 50 कोटींवर आणला. एकोणीस वर्षं कोळी माणसं निकालाकडे डोळे लावून बसली. 2019 चा पूर आणि हे डिझेल, माणसं तीच, विहीर तीच. भाकरी नेऊन देणारी वस्ती एकमेकींच्या कळशीकडे संशयाने बघू लागली ती का, हे मला त्यातून उमगलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. तात्या रुग्ण, डॉक्टर औषध देतील, मी महिन्याला एकदा बोलेन. मंगळवारच्या गर्दीत हेच होतं आणि पुष्कळांना त्याने बरं वाटतंही. पण तात्या औषध घेऊन परत त्याच विहिरीपाशी आणि त्याच अबोल्यात जाणार होते.

दुसरा: सगळ्या वस्तीला एकत्र बसवून मोकळं करायचं. हा आम्ही केला, आणि फसला. भाद्रपदात समाजमंदिरात बैठक घेतली. पंधरा मिनिटांत बोलणं पैशावर आलं, विसाव्या मिनिटाला अण्णा उठून गेले, आणि कॅन कुणी कुणी भरले यावर दोन घरांत हातघाईची वेळ आली. आपत्तीनंतर सगळ्यांना एका बैठकीत बसवून जे झालं ते वदवून घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मला माहीत होतं. आमच्या घटनेला तीन महिने होऊन गेले आहेत, इथे ते लागू नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तिसरा पर्याय तात्यांच्या मुलाने काढला: विहीर बुजवून टाकायची. बऱ्याच जणांना ते पटलं. डोळ्यांसमोरून गेली की डोक्यातून जाईल, असा हिशेब. मी कौल दिला नाही, तो माझा अधिकार नव्हता, पण तात्यांना विचारलं, "बुजवली तर रात्री उठून कुठं जाल?" ते म्हणाले, "बुजवल्यावर तितंच जाऊन बसंन की." विहीर राहिली.

चौथा पर्याय म्हणजे या तिन्हींतलं थोडं थोडं, वस्तीच्या चालीने. त्याला मनुष्यबळ लागतं, आणि आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी एक सहकारी.

काय केलं

सगळ्यात आधी जीव. त्याच मंगळवारी डॉक्टरांनी नैराश्यावरचं औषध सुरू केलं. घरातलं तणनाशक आणि कीडनाशक वहिनींच्या माहेरच्या भावाने नेऊन कुलपात ठेवलं. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. वस्तीला सांगितलं की पोरंबाळं पडतील म्हणून, आणि तेही खरंच होतं. रात्री तात्या उठले तर वहिनींनी अडवायचं नाही, सोबत जायचं, असं ठरलं. 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर मुलाच्या फोनमध्ये घातला. तिथे मराठीतून बोलता येतं, हे ऐकून तात्यांना फार बरं वाटलं. आमच्या भागात दवाखान्यात आपलं दुखणं दुसऱ्या भाषेत सांगावं लागणं हेच अर्धं दुखणं असतं.

मग वास. यावर आम्ही दोघींनी बराच खल केला. तात्यांना वास येतो, बाकीच्यांना नाही. सोपं होतं ते "तुमच्या मनाचा खेळ आहे" असं सांगणं, आणि मुलगा ते रोज सांगतच होता. पण भेगांत शिरलेलं डिझेल पाण्याची पातळी वरखाली झाली की पुन्हा थोडं थोडं सुटू शकतं. तात्यांचं नाक खोटं आहे असं म्हणण्याइतकी माहिती आमच्यापाशी नव्हती, मुलापाशीही नव्हती. म्हणून शाळेची शंभर पानी वही घेतली. रोज सकाळी तीन घरच्या तीन बायका आणि तात्या, चौघांनी पहिल्या कळशीचा वास घ्यायचा आणि एकमेकांना न सांगता खूण करायची: येतो, येत नाही, कळत नाही. मागची पानं कुणी उलटायची नाहीत.

महिन्याने वही उघडली. एकतीस दिवसांपैकी चार दिवस चौघांनाही वास आला होता, आणि चारही दिवस मोठ्या पावसानंतरचे होते. तात्यांना एकट्याला आला असे दिवस अकरा. तात्या वहीकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे चार दिस खराच हुता." त्यांना ते चार दिवस हवे होते. आपण वेडे नाही, याचा तो पुरावा होता. उरलेल्या अकरा दिवसांबद्दल ते स्वतःहून बोलले, दोन आठवड्यांनी. त्या रात्री झोप झालेली नसायची, असं त्यांच्याच लक्षात आलं.

त्या वहीमुळे आणखी एक झालं. त्या तीन बायकांत एक बोअरवाल्या घरची होती आणि एक अण्णांची मंडळी. अबोला असलेल्या घरची बाई रोज सकाळी तात्यांच्या विहिरीवर येऊ लागली, कामाचं निमित्त घेऊन.

याच तिघींना आम्ही पुढे 'ऐकणाऱ्या' म्हणून तयार केलं. ही कल्पना अलास्काचीच. एक्झॉननंतर तिथे गावातल्याच माणसांना ऐकायला शिकवलं होतं, कारण बाहेरून आलेल्या तज्ज्ञाकडे कोळी जात नसत. आम्ही सहा दुपारी बसलो, विड्या वळता वळता. शिकवलं ते थोडं: सल्ला द्यायचा नाही, "त्यात काय एवढं" म्हणायचं नाही, ऐकलेलं दुसऱ्या घरी न्यायचं नाही, आणि जीव द्यायची भाषा कानावर आली तर त्याच दिवशी फोन करायचा. तिसरी अट सगळ्यात अवघड गेली. एका भावकीत गोष्ट कानाबाहेर जाऊ न देणं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या बाईलाच विचारावं. सुनेच्या मनातली भीती पहिल्यांदा कळली ती अण्णांच्या मंडळींना. मग आम्ही तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी दोन दिवस पोटात गेलेल्या पाण्याबद्दल काय सांगता येतं आणि काय नाही, ते सरळ सांगितलं आणि तपासण्या ठरवून दिल्या.

पाण्याची तपासणीही पुन्हा केली, एका महिन्याच्या अंतराने तीनदा. बाटली भरताना वस्तीतली तीन माणसं हजर, सील त्यांच्यासमोर. अहवाल आला की विहिरीच्या कट्ट्यावर मराठीत वाचून दाखवायचा, आकड्यासकट. पहिल्या अहवालात डिझेलचा अंश मर्यादेपेक्षा जास्त होता. तो लपवला असता तर पुढचे दोन कुणी मानले नसते.

मग कागद. पंचनामा कन्नडात होता. तात्यांनी सही केली होती, वाचता आला नव्हता, आणि आपण काहीतरी लिहून दिलं, आता भरपाई गेली, हा घोर त्यांना तेव्हापासून लागलेला. सरकारी कागद कन्नडात असणार हे इथे कुणाला नवं नाही. नवं होतं ते हे, की तो वाचून दाखवायला कुणाकडे जावं, याची तात्यांना लाज वाटत होती. वाचला अण्णांच्या मुलीने. ती कन्नड माध्यमात नववीत आहे. ओसरीवर बसून तिने एकेक ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. मोटरीचा उल्लेख होता, पण भीतीपोटी उपसा केला असं लिहिलेलं होतं, दोष धरलेला नव्हता. अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. आत आले नाहीत, पण निघूनही गेले नाहीत.

निसटलेलं

थोरल्यांच्या या सगळ्या धावपळीत तात्यांचा धाकटा मुलगा, सतरा वर्षांचा, माझ्या नजरेतून सुटला. तो शांत असे, पाणी आणून देई, मोटरसायकलवर मला स्टँडपर्यंत सोडी. घरात एवढं चाललेलं असताना गुणी पोरगा, असंच मी टिपणात लिहिलं आहे. पौषात त्याने कॉलेज सोडलं तेव्हा सगळ्यांनी खर्चाचं कारण धरलं.

सातव्या महिन्यात ऐकणाऱ्या तिघींपैकी एकीचा फोन आला. गंजीच्या आडोशाला पोत्याखाली पाच-पाच लिटरचे दोन कॅन सापडले होते. अपघाताच्या रात्री त्याने ते भरून आणले होते. ड्रायव्हरची हाक त्याने ऐकली होती. आधी त्याला वाटलं की दुसरी माणसं आहेत, आणि खरोखरच होती. मग ड्रायव्हर वारल्याचं कळलं. कॅन ना वापरवेनात, ना टाकवेनात. बाप रात्री उठून वास घ्यायचा तेव्हा पोराला वाटायचं, बापाला त्याच कॅनचा वास येतोय.

त्याला मी "तुझी चूक नाही" असं म्हटलं नाही. तो ते मानणार नव्हता आणि मलाही ते पुरतं खरं वाटत नव्हतं. चूक झाली, आणि त्या चुकीने ड्रायव्हर मेला नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला आम्हाला आठ बैठका लागल्या. काच फोडणाऱ्या दोघांपैकी एकाने त्याला जवळ बसवून त्या वीस मिनिटांत काय काय झालं ते क्रमाने सांगितलं. पाय स्टिअरिंगखाली चेंगरला होता, आणखी चार हात असते तरी कटरवाचून निघाला नसता. मग मुलाने ते कॅन स्वतः बापासमोर नेऊन ठेवले. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघंच जाऊन ते पोलीस ठाण्यात देऊन आले.

निष्पत्ती

अकराव्या महिन्यात तात्यांचे पीएचक्यू-9 चे गुण 6 वर आले. औषध डॉक्टरांनी पुढच्या सहा महिन्यांत कमी करत थांबवलं. टँकरचा हॉर्न अजून नको वाटतो. विम्याची रक्कम चौदाव्या महिन्यात मिळाली, झालेल्या खर्चाच्या निम्म्याहून थोडी जास्त. तात्यांनी तिसरा हिस्सा अण्णांच्या उसापोटी दिला. अण्णांनी तो घेतला, आणि कर्नाटकी बेंदराला दोन्ही घरचे बैल एकत्र निघाले. बोलणं पहिल्यासारखं नाही, कामापुरतं आहे.

सुनेला मुलगी झाली, नीट आहे. बोअरवाल्या दोन घरांपैकी एकाचे रतीब परतले. दुसऱ्याने म्हशी विकल्या आणि त्या घरची बाई आता कामाला रोज निपाणीला जाते. तिच्या नुकसानीची नोंद आजही कुठल्याच कागदावर नाही. धाकटा मुलगा आयटीआयला आहे.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्याच आठवड्यात मी घरोघर जाईन आणि मुलांना वेगळं भेटेन. अपघाताच्या जागी कोण कोण होतं हा प्रश्न पोलिसांचा म्हणून मी सोडून दिला. तो मनाच्या कामाचाही होता. शांत पोरगं दिसलं की आता मी थांबते.

समाजमंदिरातली ती बैठक घेणार नाही. तिच्यामुळे कॅनचा विषय चव्हाट्यावर आला आणि तो मुलगा आणखी आत गेला, अशी माझी खात्री आहे.

पंचनामा वाचून घेण्याचं ओझं चौदा वर्षांच्या मुलीवर टाकणार नाही. तिच्यामुळे दार किलकिलं झालं हे खरं. पण वाचताना तिचा आवाज कापत होता. मजकूर उलटा निघाला असता तर दोन घरांतल्या वैराची वाट तिच्या तोंडातून गेली असती. कन्नड आणि मराठी दोन्ही येणारा एखादा शिक्षक मिळाला असता, आम्ही शोधला नाही.

आणि कायदा आधी विचारीन. 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली घातक पदार्थाच्या अपघातात दोष कुणाचा हे सिद्ध न करताही तातडीच्या मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, मुदत पाच वर्षांची. हे आम्हाला नवव्या महिन्यात एका वकिलांकडून कळलं. मदत मोठी नसते. पण अर्ज केला, पोच मिळाली, हातात काहीतरी आहे, एवढ्यानेही पहिले महिने तात्यांना वेगळे गेले असते. भरपाईची यादी पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर वाचली गेली असती, तर पाच लाखांची आवई उठायला जागा राहिली नसती.

वही अजून विहिरीच्या कट्ट्यावरच्या कोनाड्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. रोज कुणी लिहीत नाही. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की वहिनी ती काढतात, महिनाभर चौघं खुणा करतात आणि पुन्हा ठेवून देतात. गेल्या वर्षी 'येतो' अशी खूण एकाच दिवशी होती, तिघींची. तात्यांची त्या दिवशी 'कळत नाही' अशी होती.